कुरळे केस आणि बोअरचं पाणी: प्रकल्प नोंदी

१७ मार्च २०२४

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत तपासणी विभागात मापं घेतो, म्हणून आज केसांचीही घेतली. मानेजवळची एक बट ओली करून ताणली तर ४१ सेंमी भरली. सुकून आवळल्यावर २६. कानामागच्या बटा सगळ्यांत घट्ट, आत जेमतेम पेन्सिल बसेल एवढं वेटोळं. कपाळावरच्या सैल. टाळू धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तेलकट होतो आणि टोकं मात्र धुतल्याधुतल्याच कोरडी, बोटांना खरखरीत लागतात.

ही कोरड कुरळ्या केसाच्या घडणीतच आहे. केसाचं मूळ कातडीत वाकलेलं असतं, छेद गोल नसून चपटा लंबगोल असतो, म्हणून केस वळत वळतच बाहेर येतो. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, कुरळ्यावर ते प्रत्येक वळणाला थबकतं. केस बारीक कापलेले असताना हे जाणवत नाही, कारण टोक कोरडं पडायच्या आत ते सलूनच्या फरशीवर पडलेलं असतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंमी वाढतो. त्या हिशेबानं ४१ सेंमीच्या बटेचं टोक जवळजवळ तीन वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं आहे. तीन उन्हाळे, रोजचं हेल्मेट, टॉवेलची घासाघीस, पंख्याचा वारा एवढं सगळं त्यानं सोसलंय. त्याची काळजी टाळूजवळच्या ताज्या केसापेक्षा वेगळी घ्यावी लागणार.

तक्रार नेमकी लिहून ठेवतो. धुतले की तासाभरात पिंजारतात. बटा सुट्या पडत नाहीत. कंगवा मधेच अडतो. कंडिशनर कितीही लावला तरी धुऊन टाकला की केस पुन्हा चरचरीत. कापून टाकणं हा उपाय ह्या वहीत येणार नाही. मला माझे केस आवडतात आणि ते नीट सांभाळायचेत.

२४ मार्च

आमच्या अपार्टमेंटला, विश्रामबागेत, महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. अंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. आज आई कुकर लावत होती आणि मी टोकांना कंडिशनर चोपडून तिथंच घुटमळत होतो. ती म्हणाली, "बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून मी नळाचं भरून ठेवते. तिथं तुझे केस काय मऊ पडणार, सांग की."

लगेच जाऊन बाथरूम नव्या नजरेनं बघितली. बादलीच्या आतल्या कडेला पांढरं वर्तुळ. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. मध्यंतरी गिझरची कॉइल बदलली तेव्हा मिस्त्रीनं जुनी काढून दाखवली होती, तिच्यावर खडूसारखा जाड थर होता. हेच पाणी डोक्यावरून जातंय आणि मी शाम्पूच्या बाटल्या बदलत बसलोय. आधी पाणी तपासायचं.

२८ मार्च

बॉयलरच्या पाण्यासाठी कारखान्यात हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजायचा संच असतो. साहेबांना विचारून घरून दोन बाटल्या नेल्या, एक नळाची, एक बोअरची.

ही चाचणी डोळ्यांना दिसते म्हणून मला फार आवडते. नमुन्यात आधी आम्लता ठरावीक ठेवणाऱ्या बफरचे थेंब, मग रंग दाखवणारं सूचक. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की रंग गडद जांभळट लाल येतो. मग ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडत बाटली गोल फिरवत राहायची. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. मोकळं कॅल्शियम संपलं की तो लाल रंग एका थेंबात निळा होतो. आमच्या संचात एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. नळाचं पाणी सातव्या थेंबाला निळं झालं: १४०. बोअरचं काही होईना. बाजूच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले. एकतिसाव्या थेंबाला एकदाचं निळं झालं: ६२०.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात २०० पर्यंत योग्य मानतं आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. आमचं बोअर त्याच्याही वर.

बाजारात मिळणारं टीडीएसचं पेन घेऊन कुणी हे मोजायला जाऊ नये. ते पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतं. चिमूटभर मीठ टाकलं तरी त्याचा आकडा चढतो. केसांना नडतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि त्यांच्यासाठी थेंबांचीच चाचणी लागते.

नडतात कसे, तेही लिहून ठेवतो. केसाच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, कॅल्शियमवर धन. केस जितका झिजलेला तितक्या त्याला धरून ठेवायच्या जागा जास्त, म्हणून टोकं सगळ्यांत जास्त कॅल्शियम गोळा करतात. कंडिशनरमधला केसाला चिकटून मऊपणा देणारा घटकसुद्धा धन प्रभाराचाच असतो, त्यालाही ह्याच जागा हव्या असतात. साबण वापरला तर आणखी वाईट, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून पाण्यात न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो केसावर बसतो. शाम्पूचा तसा साका होत नाही, पण पाण्यातलं कॅल्शियम केसाला लागायचं ते लागतंच.

७ एप्रिल

अर्ध्या डोक्याचा प्रयोग केला. मधोमध भांग पाडला, डावी बाजू बोअरच्या पाण्यानं धुतली, उजवी नळाच्या. शाम्पू तोच, कंडिशनर तोच आणि तेवढाच, पंचाही एकच. ताई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. कुठल्या बाजूला कुठलं पाणी ते तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

सुकल्यावर ती लगेच म्हणाली, "उजवीकडं बटा दिसतायत, डावीकडं नुसता पिंजार आहे." हाताला फरक त्याहून मोठा. उजवीकडची एक बट दोन बोटांत धरून मुळापासून खाली ओढत नेली तर बोटं थेट टोकापर्यंत गेली. डावीकडं निम्म्यावर अडकली. उजवीकडची टोकं अजून कोरडी आहेत, कारण आधीपासून साचलेलं एका धुण्यात निघत नाही.

आजपासून नियम: अंग बोअरवर, केस नळावर. सकाळी पाणी आलं की केस धुवायच्या दिवशी दोन बादल्या बाजूला भरायच्या. आई म्हणाली, तिची डाळीची कळशी आधी भरायची, मग केसांच्या बादल्या. ठरलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली. काका-काकू आलेले. आमच्या भागात पुरुषानं केस वाढवले की लोक कारण विचारतात. काकांनी सरळच विचारलं, "नवस बोललायस का रे?" म्हटलं, "नाही काका, आवडतात म्हणून ठेवलेत." ते जरा वेळ बघत राहिले. मला वाटतं, ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं आणि पुढं कित्येक वर्षं पुरुष नट गंगावन लावून, अंबाडा घालून स्त्रीभूमिका करत आले, त्या गावाला माझे केस नवे वाटायचं कारण नाही. काकांना हे सांगितलं. त्यांना फारसं पटलं नसावं, पण जेवताना त्यांनी केस धुवायला काय वापरतोस ते मात्र नीट चौकशी करून विचारून घेतलं.

२१ एप्रिल

ऊन भाजून काढतंय. आता सुकवण्याकडं लक्ष.

पाणी लागलं की केसाच्या प्रथिनातले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. जुळतेवेळी केस ज्या आकारात असेल तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो. म्हणून जे काही करायचं ते केस चिंब ओले असताना, आणि एकदा सुकायला लागले की हात लावायचा नाही. मी लहानपणापासून ह्याच्या उलट बघत आलोय. घरातले सगळे पुरुष न्हाऊन आले की टॉवेलनं डोकं खसाखसा पुसतात. टर्किश टॉवेलचे ते फासे केसावरचे खवले उचकटतात, बटा फोडतात.

आता आजोबांचा जुना पंचा वापरतो. धुऊन धुऊन मऊ झालेला, एकाही फाशाचा पत्ता नाही. पलंगावर पसरायचा, वाकून केस त्यावर सोडायचे, टोकांकडून टाळूकडं गोळा करत वर आणायचे आणि मागं गाठ मारायची. घासायचं नाही, पंचा आपोआप पाणी शोषून घेतो. तेवढ्यात चहा होतो. सोडल्यावर बटा आपापल्या जागी बसलेल्या असतात.

कंगवा रुंद दातांचा, आणि तोही कंडिशनर डोक्यात असतानाच. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून कंगवा ओढला की सगळा गुंता खाली ढकलला जाऊन टोकाशी घट्ट बसतो. सुके कुरळे केस विंचरायचेच नाहीत.

५ मे

जवसाचं जेल. घरात चटणीसाठी जवस असतंच. पाव वाटी जवस, दोन वाट्या नळाचं पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. जवसाच्या टरफलात एक चिकट पदार्थ असतो, तो गरम पाण्यात उतरतो. सात-आठ मिनिटांनी फेस पांढरा होतो आणि डाव वर उचलला की पाण्याऐवजी तार सुटते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते इतकं घट्ट होतं की गाळणीतून उतरतच नाही. मलमलीच्या फडक्यात घालून चिमट्यानं पिळतो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकायचं.

केसातून पाणी ठिबकत असतानाच लावायचं, मग ओंजळीत बट घेऊन टाळूकडं दाबायची. पाणी आणि जेल मिळून पचपच असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर पाणी कमी आहे. सुकल्यावर बटा कडक होतात. पूर्ण सुकल्या की दोन थेंब खोबरेल तळव्यावर चोळून त्या हलक्या हातानं चुरायच्या, कडकपणा जातो आणि आकार राहतो. बाजारातल्या महाग जेलनं माझ्या केसांना ह्याहून जास्त काही दिलेलं नाही.

ताईनं सांगितल्याप्रमाणं आईच्या जुन्या सॅटिनच्या परकराचा उशीला अभ्रा शिवला. सुती अभ्रा रात्रभर केसाला घासतो आणि ओलही ओढून घेतो. सकाळचा गुंता पहिल्याच रात्री कमी झाला.

१२ मे

मामाकडं जाऊन आलो, कसबे डिग्रजकडं. त्याच्या रानाचा खालचा तुकडा क्षारपड झालाय. वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाट पाणी, खाली निचरा नाही. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर मीठ फुलून येतं, चालताना पायाखाली कुरकुरतं. मामा म्हणाला, "पाणी उडून जातंय रं, मीठ कुठं जायचं? हितंच बसतंय." आता त्यानं जमिनीत सच्छिद्र पाइप घालायचं काम काढलंय, म्हणजे क्षार पाण्याबरोबर धुपून नाल्याला जातील.

माझ्या टोकांचं अगदी तेच आहे. प्रत्येक अंघोळीनंतर पाणी उडालं, क्षार राहिले. नवं पाणी चांगलं आलं तरी साचलेलं बाहेर काढायला वेगळं काहीतरी लागणार. शाम्पूच्या घटकांत ईडीटीए बघून घेतलंय, तेच जे कारखान्यात थेंबांनी मोजतो. शाम्पूत ते बहुधा अगदी थोडं, शाम्पू टिकावा म्हणून घातलेलं असतं. क्षार काढण्यासाठी बनवलेल्या चिलेटिंग शाम्पूत ते कामापुरतं असतं. तो महिन्यातून एकदा, पाच मिनिटं डोक्यात ठेवून धुवायचा. त्या दिवशी केस एकदम हलके आणि जरा उघडेवाघडे वाटतात, म्हणून त्यावर कंडिशनर जास्त वेळ ठेवायचा.

लिंबू थेट चोळायचा सल्ला पुष्कळ जण देतात. लिंबाचा रस फार आंबट, टाळूला झोंबतो. मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटचं पाणी म्हणून ओततो, तेवढं पुरतं.

२ जून

सोसायटीच्या बैठकीत बोअरच्या पाण्याचा आकडा मांडला. एका शेजाऱ्यांनी शॉवरला लावायचा फिल्टर आणलाय, तो दाखवला. त्यांच्या घरी फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजून दिलं: दोन्हीकडं सारखेच थेंब. असले छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम नाही. त्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो, जो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो आणि ज्याला अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. सगळ्या इमारतीला बसवायचा तर खर्च मोठा. विषय पुढच्या बैठकीवर गेला, पण गिझरच्या कॉइली सगळ्यांच्याच जळतायत, त्यामुळं तो सुटणार नाही असं वाटतं.

१६ जून

पाऊस लागला. पहिल्या सरींचं पाणी सोडून दिलं, गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. मग पन्हळीखाली धुतलेला ड्रम लावला, तोंडाला फडकं बांधलं, वर झाकण, कारण उघड्या साठ्यावर डेंग्यूचे डास होतात.

मोजलं. सूचक टाकल्याबरोबर पाणी जवळजवळ निळंच. एका थेंबात काम संपलं. ह्या पाण्यात शाम्पूचा फेस इतका येतो की नेहमीच्या निम्माच पुरतो आणि तो धुऊन काढायला मात्र वेळ लागतो. सुकल्यावरची बट वहीवर ठेवून बघितली: मुळापासून टोकापर्यंत एकच अखंड वेटोळं, एक केस बाहेर नाही. आईला बोलावून दाखवली. तिनं बोटाभोवती गुंडाळून बघितली आणि म्हणाली, "लहानपणी तुझे असेच होते."

१४ जुलै

पावसाळ्याची दुसरी बाजू. हवेत इतका ओलावा की केस दिवसभर पाणी पीत राहतात आणि फुगतात. कंडिशनरमध्ये ग्लिसरीन असलं तर ते आणखी ओल ओढतं. सध्या ग्लिसरीनचा बाजूला ठेवलाय, जवसाचं जेल जरा जास्त.

आणि कोंडा झाला. हेल्मेटच्या आत घाम, केस दाट, टाळू नीट सुकत नाही. आई म्हणाली टाळूला तेल चोळ. त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी सांगितलं, हा कोंडा कोरडेपणाचा नाही. टाळूवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावर पोसते, तेल लावाल तर तिला खाऊ घालाल. केटोकोनॅझोलचा शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून दोनदा, फक्त टाळूला, पाच मिनिटं ठेवून. आणि केस ओले असताना हेल्मेट घालायचं नाही.

तेल बंद करायचं नाही, जागा बदलायची. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना केसातून प्रथिन निघून जायचं प्रमाण कमी करतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, त्यात हे काम खोबरेलानंच केलं. म्हणून धुण्याआधी तासभर, कानाच्या खाली, टोकांना. टाळू मोकळा.

केस गळतात म्हणून आई घाबरली होती, तेही डॉक्टरांना विचारलं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. बांधलेल्या कुरळ्या केसांत ते अडकून राहतात आणि धुवायच्या दिवशी एकदम पुंजका हातात येतो.

२० ऑगस्ट

तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळलो. अंबाडा सोडलाच नाही, घाम येत राहिला. उठल्यावर मानेवर, केस सुरू होतात तिथं, सुपारीएवढी घट्ट गाठ.

खालच्या मजल्यावरच्या मावशी तब्येत विचारायला आल्या, त्यांनी ती बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. "हात नको लावूस. देवीची असली तर? आधी विचारून घेऊ कुणाला तरी." मावशी वाईट बोलत नव्हत्या, त्यांना खरंच भीती वाटली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जटेचं केवढं भय आहे ते मला माहीत आहे. केसात जट झाली म्हणून मुली देवाला सोडल्या गेल्यात. बायका ते ओझं वर्षानुवर्षं मानेवर वागवतात, मान दुखते, उवा होतात, तरी कात्री लावत नाहीत.

मावशींना शेजारी बसवलं आणि त्यांच्यासमोरच गाठ सोडवायला घेतली. आधी खोबरेल मुरू दिलं, मग भरपूर कंडिशनर. कंगव्याच्या टोकदार शेपटीनं गाठीच्या बाहेरच्या कडेचे दोन-तीन केस वेगळे केले, ते ओढून मोकळे केले, मग पुढचे दोन-तीन. मध्ये शिरायचं नाही, कडेनं सोलत जायचं. पुष्कळ वेळ गेला. निघालेले केस पांढऱ्या कागदावर ठेवत गेलो आणि मावशींना दाखवले: त्यातल्या बहुतेकांच्या एका टोकाला बारीक पांढरा गड्डा होता. म्हणजे ते मुळातून आधीच गळलेले, खाली पडायला वाट न मिळाल्यामुळं शेजारच्या केसांत गुरफटलेले. घाम, तेल आणि उशीची घासण यांनी त्यांची गाठ झाली. जट म्हणतात ती ह्याच वाटेनं होते, फक्त तिच्यावर कुणी पाणी घालत नाही. मावशींनी चष्मा लावून तो गड्डा बघितला आणि शेवटी शेवटी कंगवा धरायला मदत केली.

आज डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. साताऱ्याचे ते; २०१३ साली ह्याच तारखेला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन बायकांशी बोलतात, त्यांची भीती घालवतात आणि मग जट सोडवतात. त्या कामात कात्रीपेक्षा आधीचं बोलणं किती अवघड असेल ते आज थोडं समजलं.

४ सप्टेंबर

कारखान्याची नोंद. लेथ आणि ड्रिलिंग मशीनच्या शेजारी मोकळे केस म्हणजे जिवाशी गाठ. काम पकडून फिरणाऱ्या चकनं एक बट धरली तरी हात वर करायच्या आत डोकं ओढलं जातं. मी जास्त करून तपासणीच्या टेबलावर असतो, पण मशीनजवळ जावं लागतंच. ताईनं व्हिडिओवर तीन पेडी वेणी शिकवली. वेणी घालायची, मानेवर गुंडाळून पिना मारायच्या, वर कानापर्यंत येणारी सुती टोपी, एकही बट बाहेर नाही. साहेबांनी स्वतः येऊन तपासलं आणि म्हणाले, "अशी असेल तर माझी हरकत नाही." टोपीच्या आत सॅटिनचं अस्तर लावून घेतलं.

वेणी सैल घालायची. रोज ताणून बांधलं की कपाळाच्या कडेचे केस मुळापासून सैल होत जातात आणि कालांतरानं तिथं उगवायचे थांबतात. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर सोडून पुन्हा बांधतो.

१३ ऑक्टोबर

छाटणी. खणभागातल्या आमच्या नेहमीच्या काकांना आधी विनंती केली: केस सुके असताना कापा, पाणी मारू नका. ओले असताना सगळे सारख्या लांबीचे दिसतात, सुकले की घट्ट बट जास्त वर उचलते, सैल कमी, आणि कडा वेडीवाकडी होते. काका म्हणाले, एवढ्या वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं, पण बघू. त्यांनी एकेक बट हातात घेऊन, सोडून, ती कुठं बसते ते बघून टोक कापलं. ताणून ४९ सेंमी झाले होते, ४ सेंमी गेले. दुतोंडी टोकं गेली म्हणून दुःख नाही. फाटा वर चढत जातो, त्याला कुठलंही तेल सांधत नाही.

काकांनी पैसे घेतल्यावर विचारलं, "माझ्या नातवाचे पण असेच आहेत, आम्ही दर महिन्याला बारीक करतो. वाढवू देऊ का?"

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटेचं अभ्यंगस्नान. आईनं तेल लावलं, ह्यावेळी टाळू सोडून. अंगाला उटणं, केसांना आजीच्या पद्धतीनं शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्री भिजवून उकळलेली. ह्या पाण्यात साबण नसतो, शेंगांतलं सॅपोनिन फेस करतं, आणि शिकेकाई मुळात जराशी आंबट असल्यामुळं केसाचे खवले मिटलेले राहतात. कुरळ्या केसांसाठी एक बदल लागतो: पूड थेट घालायची नाही. तिचे कण वळणावळणांत अडकतात आणि दिवसभर खांद्यावर सांडत राहतात. फडक्यातून दोनदा गाळून नुसतं पाणी घेतलं. डोळ्यांत गेलं की भयंकर झोंबतं, तेवढं सांभाळायचं.

केस स्वच्छ निघाले, पण गुंता शाम्पूपेक्षा जास्त, कंडिशनर लावावाच लागला. सणाला हे, एरवी नेहमीचं.

२४ नोव्हेंबर

थंडी, कोरडी हवा. ग्लिसरीनवाला कंडिशनर अजूनही बाजूलाच. बाहेर ओलावा नसला की ग्लिसरीन केसातलाच ओढतं. धुणं आठवड्यातून एकदा, मध्ये एकदा फक्त पाणी आणि कंडिशनर. ड्रममधलं पावसाचं पाणी कधीच संपलं, नळाच्या दोन बादल्या चालू आहेत.

माप: ४६ सेंमी ताणून, ३१ सुकून. मार्चमध्ये आवळण जास्त होती. लांबी वाढली तशी बट वजनानं थोडी सैलावली, आणि टोकं आता पिंजारून वर उडत नाहीत, खाली राहतात. कंगवा टाळूजवळून टोकापर्यंत न अडता उतरतो.

मशीन शॉपमध्ये नवीन लागलेला एक पोरगा आहे, कवठेमहांकाळकडचा. केस मानेपर्यंत, घट्ट कुरळे, पार कोरडे. चार दिवस माझ्या टोपीकडं बघत होता, आज जेवणाच्या सुट्टीत जवळ आला. "दादा, कुठला शाम्पू वापरता?" म्हटलं, शाम्पूचं मग बघू, तुमच्याकडं पाणी कशाचं? "बोअर. चहाच्या भांड्याला पांढरं बसतंय." उद्या त्यानं घरून लिटरभर पाणी आणायचंय. बाटली आधी त्याच पाण्यानं दोनदा विसळून घे आणि काठोकाठ भर, असं सांगितलंय. सुट्टी झाल्यावर दोघं बसून थेंब मोजू.